पहिल्या धनुष्यासाठी लाकूड

घरी सागाची जुनी पट्टी पडून आहे, ती चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नको. साग दारं-खिडक्यांना उत्तम, पण धनुष्यासारखं पुन्हापुन्हा वाकवलं की तडकायची भीती असते.

आपल्याकडे धामण मिळाली तर सोन्याहून पिवळं. बैलगाडीची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा या लाकडाचा करतात, कारण ते चिवट आणि लवचीक. पण वखारीत दुर्मीळच. मग सरळ बांबू घ्या, तोही मानवेल जातीचा, म्हणजे जवळजवळ भरीव. सातपुड्यातल्या भिल्लांचा तीरकमठा बांबूचाच असतो. बांबूची हिरवी पाठ लक्ष्याकडे ठेवायची, कारण ताण तिथे येतो आणि सगळ्यात मजबूत तंतूही तिथेच असतात. तासायचं ते आतल्या, आपल्या पोटाकडच्या बाजूने. पाठीला रंधा लावलात की संपलंच!

लाकडाचंच करायचं असेल तर जातीपेक्षा लाकडातल्या तंतूंच्या रेषा बघा. त्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच कडेला निसटल्या तर तिथूनच कपची निघते. गाठ तर नकोच. ओलं लाकूड वाकून तसंच राहतं, म्हणून ते सावलीत नीट वाळवा, उन्हात तडे जातात.

लांबी भरपूर ठेवा. ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर, २८ इंच असेल तर धनुष्य साडेपाच फुटांच्या खाली जाऊ देऊ नका. आणि पहिलं धनुष्य पूर्ण ओढायला ३० पौंडांच्या आसपास जोर लागेल, असंच करा. माझं पहिलं आखूड होतं, तिसऱ्याच ओढीला कानाशी फटाका वाजला.