मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या वायफायसाठी कोणता व्हीपीएन घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी मूळची निफाडची, स्पर्धा परीक्षेसाठी नाशकात राहते. कॉलेज रोडजवळच्या एका अभ्यासिकेत दिवसभर बसते, सगळं काम तिथल्याच वायफायवर. मागच्या आठवड्यात वायफाय सांभाळणारे दादा चारचौघांत म्हणाले, कोण कुठली साइट उघडतं ते मला दिसतं. आणि माझ्या मैत्रिणीने उघडलेल्या एका मानसोपचार दवाखान्याच्या साइटचं नावच घेतलं. ती दोन दिवस फिरकली नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

थोडं वाचलं. एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणारी पद्धत) पासवर्ड, मजकूर त्यांना दिसत नाही, पण साइटचं नाव कळतं. व्हीपीएन (आपलं सगळं इंटरनेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा) लावला की तेही झाकलं जातं. मात्र जे आज दादांना कळतं ते उद्या व्हीपीएनवाल्या कंपनीला कळू शकतं. म्हणून कंपनी नीट निवडायची आहे.

मी फुकटचं काही नकोच म्हणत होते. फेसबुकचं ओनावो व्हीपीएन म्हणवत होतं आणि लोक कोणती अ‍ॅप वापरतात त्याची माहिती गोळा करत होतं. 2019 मध्ये ते बंद झालं. प्रोटॉन या व्हीपीएन कंपनीची फुकट योजना तशी वाटत नाही. जाहिराती नाहीत, डेटाची मर्यादा नाही, खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांतून निघतो. पण एका वेळी एकाच उपकरणावर चालते, कोणत्या देशातल्या सर्व्हरवरून जायचं तेही निवडता येत नाही.

दुसरं मुलवाड, हे पैसे भरून घ्यायचं स्वीडनचं व्हीपीएन. महिना 5 युरो, ईमेलसुद्धा मागत नाहीत, नुसता खाते क्रमांक. एप्रिल 2023 मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले होते. ग्राहकांची माहिती साठवलेलीच नव्हती, तसेच परतले. माझा कल इकडेच आहे.

ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी (इंटरनेटवरचा क्रमांक) 5 वर्षं जपून ठेवा, असा व्हीपीएन कंपन्यांना सर्ट-इनचा (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेश 28 एप्रिल 2022 ला निघाला आणि बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. म्हणजे सिंगापूरसारख्या बाहेरच्या सर्व्हरवरून जावं लागणार. नाशिकहून कुणी असं वापरतं का? व्हिडिओ लेक्चर अडकतात का? व्हीपीएन चालू असताना बँकेचं अ‍ॅप कुरकुर करतं का, की अँड्रॉइडवर तेवढं अ‍ॅप बाहेर ठेवलं तर भागतं? आणि साध्या डेबिट कार्डाने युरोत पैसे भरता येतात का?

मैत्रीण सोमवारपासून परत बसायला येते म्हणाली आहे. त्याआधी तिच्या फोनवर टाकून द्यायचंय.