मोहन बागानचे आयएसएल कप किती: दोन की पाच?

डावा विंगर:
कोलकात्याच्या मोहन बागानच्या खात्यात लोक सर्रास इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) पाच कप टाकतात. माझ्या हिशेबाने दोनच, 2022-23 आणि 2024-25. बाकीचे तीन (2014, 2016, 2019-20) एटीकेचे, म्हणजे कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबचे. 2020 मध्ये एटीकेच्या मालकांनी बागानच्या फुटबॉल कंपनीत 80 टक्के हिस्सा घेतला आणि एटीके मोहन बागान असं जोडनाव आलं. रंग मात्र हिरवा-मरूनच राहिला, चिन्हावरची होडीही तीच. आता 2019-20 चा मोसम बघा. एटीके आयएसएल जिंकलं आणि त्याच मोसमात बागान आय-लीग, ही देशातली वेगळी लीग. खेळाडू वेगळे, गुणतक्ते वेगळे. दोन्ही एका खात्यात घातले तर एकाच क्लबने एका मोसमात दोन लीग मारल्या असं होतं. पटतंय का कुणाला?

राखीव गोली:
मला पटत नाही ते तुमचं म्हणणं. बागान आयएसएलमध्ये आलं कसं? आय-लीग जिंकली म्हणून नाही, तेव्हा बढतीची सोयच नव्हती. एटीकेच्या जागेवर बसून आलं. जागा हवी, पैसा हवा, आणि त्या जागेचा इतिहास तेवढा नको? शतकभराचा क्लब आहे म्हणून सोयीचं तेवढं उचलायची मुभा मिळत नाही.

डावा विंगर:
मालकावरून इतिहास ठरवायचा म्हणता? एफसी गोवा सुरू झाला तेव्हा त्याच्या मालकांत डेम्पो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी होती. डेम्पोच्या जुन्या क्लबची राष्ट्रीय जेतेपदं पाच, त्यातली दोन राष्ट्रीय लीगची आणि तीन तिच्या जागी आलेल्या आय-लीगची. म्हणून एफसी गोव्याने ती पाच आपल्या नावावर लावली? कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि 'रिमूव्ह एटीके'ची मोहीम बागानच्या चाहत्यांनीच चालवली होती ना? मार्च 2023 मध्ये गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामन्यात बंगळुरूला पेनल्टीवर हरवलं, आणि नाव बदलणार हे मालकांनी लगेच जाहीर केलं. जे नाव चाहत्यांना नकोसं झालं होतं, त्याचे कप त्यांच्या गळ्यात कशाला?

थ्रो-इन:
तुम्ही दोघंही कप मोजताय, लीग कुणीच मोजत नाहीये. हे कप साखळीनंतरच्या बाद फेरीत जिंकलेले. फातोर्ड्याच्या त्या मोसमात बागान तक्त्यात तिसरं होतं, 34 गुणांवर. मुंबई सिटी पहिली, 46 गुण. बारा गुणांनी मागे राहिलेला संघ विजेता म्हणून मिरवतो! 2019-20 पासून तक्त्यात पहिल्या येणाऱ्याला शिल्ड मिळते, ती मोजा. 2020-21 मध्ये मुंबई आणि बागान दोघांचे 40 गुण, पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते, म्हणून शिल्ड मुंबईची. बागानच्या शिल्ड दोन, 2023-24 आणि 2024-25, दुसरी तर 24 सामन्यांत 56 गुणांची. त्याआधीच्या राष्ट्रीय लीगच्या तीन आणि आय-लीगच्या दोन धरा. एकूण सात. कप गेला खड्ड्यात.

राखीव गोली:
कप खड्ड्यात, तर मग 1911 पण खड्ड्यात. बागानने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवलं ती आयएफए शिल्डच होती, बाद फेरीची स्पर्धा. नावात शिल्ड आहे म्हणून लीग होत नाही. त्या विजयावर तर अख्खा इतिहास उभा आहे तुमचा.

बाकावरून:
तक्त्याच्याच गोष्टी करायच्या तर कोलकात्याच्याच मोहम्मेडन स्पोर्टिंगचं नाव आधी घ्या. कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ तो, 1934 मध्ये. आणि एकदा नाही, 1938 पर्यंत सलग पाच वेळा. बाद फेरीत एखादा दिवस तुमचा असतो. लीगमध्ये पावसाळाभर चिखलात गुण गोळा करावे लागतात. 1911 ची गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक, 1934 ची विचारा कुणाला. आणि हाच मोहम्मेडन 2023-24 ची आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये वर आला, पहिल्याच मोसमात तळाला गेला. ईस्ट बंगालही तसंच. राष्ट्रीय लीग तीनदा जिंकलेला क्लब, आणि आयएसएलच्या पहिल्या पाच मोसमांत नववा, अकरावा, नववा, नववा, नववा. इतिहासाचे गुण तक्त्यात धरत नाहीत.

डावा विंगर:
मोहम्मेडनबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यामुळे एटीकेचे कप बागानचे होत नाहीत.

राखीव गोली:
मग ते गेले कुठे? एटीके उरलं नाही, बागान घेत नाही. तीन जेतेपदं बेवारस?

थ्रो-इन:
असू देत की. 2005-06 ची राष्ट्रीय लीग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकली, 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. मुंबई सिटी 2014 ची. तिने ते जेतेपद मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही. यादीत महिंद्राचं नाव आहे तसंच आहे. एटीकेचंही तसंच राहू द्या, तीन कप, आणि पुढे क्लब बंद असा शेरा.

राखीव गोली:
महिंद्रा बंद पडली, एटीके विलीन झालं. दोन्हीत फरक आहे, आणि तो तुम्ही सोयीस्करपणे गाळताय.