लेकीची पहिली गाडी : सुरक्षित हवी, पण मरतुकडी नको (ठाणे, बजेट १२ लाख)

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. लेकीला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतायत. कॉलेज नेरूळला, घर घोडबंदर रोडला. पोरीला गाड्यांचं भारी वेड, खिडकीखालून गेलेली गाडी नुसत्या आवाजावरून ओळखते. तिला टर्बो पेट्रोलच हवी आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी. यजमानांचं म्हणणं, आधी घरातल्या जुन्या अल्टोवर हात साफ करू दे, काय ठोकायचं ते तिथंच ठोक. पण त्या अल्टोला एअरबॅग एकही नाही, आणि आमच्या रस्त्यावर डावी-उजवीकडे कंटेनर. त्यामुळे ते काही मनाला पटत नाही.

ऑन रोड १२ लाखांपर्यंत झेपेल. नवी की सेकंडहँड? मॅन्युअल की ऑटोमॅटिक? आणि अठरा वर्षांच्या हातात टर्बो द्यावी की नाही, हे स्पष्ट सांगा.

ट्रान्सहार्बरवाला

ताई, ठाण्याहून नेरूळला थेट लोकल असताना १२ लाख कशाला घालवताय? (कुणीतरी हे म्हणणारच होतं, म्हणून मीच म्हणून टाकलं.)

कासारवडवलीकर

लोकलनेच जाते हो रोज! पण संध्याकाळी ठाणे स्टेशनहून घरी यायला लोकलपेक्षा जास्त वेळ लागतो. गाडी आठवड्यातून एखाद-दोन वेळा कॉलेजला आणि रविवारी आजीकडे पनवेलला.

माजिवड्याचा मेकॅनिकल

ताई, टर्बोला घाबरू नका, पण ती कशी जोर लावते ते समजून घ्या. छोट्या टर्बो इंजिनात साधारण दीड-पावणेदोन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) खाली फारसा दम नसतो, आणि त्यापुढे एकदम येतो. नवशिक्याची पंचाईत इथंच होते. कापूरबावडीच्या गर्दीत गाडी हलत नाही म्हणून पोरं ॲक्सिलरेटर आणखी दाबतात, तेवढ्यात टर्बो जागा होतो आणि गाडी पुढच्या रिक्षाच्या बंपरला. म्हणजे ताकदीचा आकडा (पीएस) ११५ आहे की १२० यापेक्षा तो जोर किती सलग येतो हे बघा. टेस्ट ड्राइव्हला दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू चालवून मग हलकेच पाय द्या. धक्का बसला की कळतंच.

पण अगदी कमी ताकदही बरी नाही. गायमुखच्या चढाला एसी चालू, चार जण बसलेले आणि पुढे रखडणारा ट्रेलर, अशा वेळी ओव्हरटेक जितका लांबतो तितका वेळ तुम्ही त्याच्या बाजूला अडकून राहता. सव्वा टनाच्या आतबाहेरच्या गाडीला ११० ते १२० पीएस पुरे. १५० पीएसची १.५ टीएसआय व्हर्टस (फोक्सवॅगनची टर्बो सेडान) पहिल्या वर्षी नको. गाडी उत्तम आहे, म्हणूनच नको. शिवाय ती चार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे जीएसटी ४० टक्के. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोलला सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे.

माझ्या मते तीनच बघा. स्कोडा कायलॅक १.० टीएसआय (११५ पीएस), महिंद्रा थ्रीएक्सओ १.२ टर्बो (१११ पीएस, २०० न्यूटन मीटर ओढ), टाटा नेक्सॉन १.२ टर्बो (१२० पीएस). तिन्हींना भारत एनकॅपचे (भारतीय धडक-चाचणीचे) ५ तारे, आणि तिन्हींत अगदी खालच्या प्रकारापासून सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा). थ्रीएक्सओला चारही चाकांना डिस्क ब्रेक, हा जमेचा मुद्दा. सनरूफच्या नादी लागू नका, तेच पैसे टायरला ठेवा.

ईएससीवर मी अडून बसेन. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल तरंगत असतं, समोर अचानक बाईक येते, आणि नवखा माणूस ब्रेक दाबता दाबता स्टिअरिंग झटकतो. मागची बाजू सरकायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी ओळीत आणते. एअरबॅगचं काम ठोकल्यावर सुरू होतं, हिचं त्याआधी.

उलवेकर

सेकंडहँड पोलो १.० टीएसआय का नाही? ११० पीएस, चालवायला लोणी. एक्सयूव्ही ३०० डिझेल पण मिळेल, ३०० न्यूटन मीटर!

माजिवड्याचा मेकॅनिकल

पोलो माझीही लाडकी. पण एअरबॅग दोनच, आणि तिचे ४ तारे २०१४ च्या चाचणीचे. जुने तारे आणि नवे तारे एका रांगेत मांडू नका. ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ पासून नियम कडक केले, बाजूच्या धडकेची चाचणी सगळ्यांना लागू झाली आणि वरच्या ताऱ्यांसाठी ईएससी आलं. म्हणजे २०२० चे ५ आणि २०२३ चे ५ सारखे नाहीत. बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलला डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी लांब पळावी लागते. आठवड्यातून दोनदा विटाव्याच्या पुलाखाली रखडणाऱ्या गाडीत तो तुंबणार.

नेरूळचे नाना

गाड्यांचं पोरं सांगतीलच, मी कायद्याचं सांगतो. अठरा पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या गेटबाहेर किल्ली देऊ नका, ‘कोपऱ्यापर्यंतच’ सुद्धा नाही. कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अठरा झाल्यावर लर्निंग काढा, ते ६ महिने चालतं, ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर शेजारी लायसन्सवालं माणूस हवंच. मॅन्युअलवर शिकवा. सराव पाम बीचला नको, तो सरळ रस्ता वेगाची सवय लावतो आणि दुसरं काहीच शिकवत नाही. रविवारी सकाळी खारघरच्या सेक्टरांतून फिरवा : गोल चौक, चढावर थांबणं, रिव्हर्स, सगळं मिळतं.

वाशीचा विमावाला

ताई, अल्टो कुणाच्या नावावर? एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) गाडीला नाही, मालकाला लागू असतो. अल्टो तुमच्या नावावर असेल आणि विकणार असाल, तर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या आणि नवी गाडीही तुमच्याच नावावर घ्या. ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. लेकीच्या नावावर घेतलीत तर ती सूट नव्या गाडीला लागणार नाही. कायलॅक ९९९ सीसी, म्हणजे थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याच्या) सगळ्यात खालच्या टप्प्यात. झीरो डेप (भाग बदलताना घसारा न कापणारा विमा) घ्याच. पहिल्या वर्षी बंपर आणि आरसे जाणारच, मनाची तयारी ठेवा.

कासारवडवलीकर

अल्टो माझ्याच नावावर आहे. देव तुमचं भलं करो!

लेकीला अठरा झाले, लर्निंगही निघालं, आणि तिन्ही गाड्या चालवून आलो. लेक जेमतेम पाच फूट, हे लिहायचं राहिलं होतं. एका गाडीत (नाव नको) सीट पूर्ण वर घेऊनही वाघबीळच्या यू-टर्नला पुढच्या काचेचा उजवीकडचा खांब असा आड आला की येणारी ॲक्टिव्हा पूर्ण झाकली गेली. मला शेजारून दिसली, तिला नाही. ती गाडी तिथंच बाद. नानांची चढाची परीक्षाही घेतली. मेकॅनिकल म्हणतात तो दुसऱ्या गिअरचा धक्का दोन गाड्यांत जाणवला, थ्रीएक्सओत सगळ्यात कमी. बाईसाहेबांना कायलॅकचं स्टिअरिंग आवडलं होतं, पण पुढचं नीट दिसतं ते थ्रीएक्सओतून हे तिनंच कबूल केलं. थ्रीएक्सओ, मॅन्युअल, मधला प्रकार बुक केला. यजमान अजून ‘अल्टो होती की’ म्हणतायत.

डिलिव्हरीच्या वेळी काय बघू?

माजिवड्याचा मेकॅनिकल

अभिनंदन! पासिंगच्या आधी जाऊन बघा, नंतर तक्रारीला अर्थ नाही. कुठल्या महिन्यात बनली ते गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर वाचा. पाचही टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तरी घेऊ नका. ताशी ८० किमीला वाजणारा बीपर बंद करून मागू नका, लेकीनं कितीही गळ घातली तरी.

कासारवडवलीकर

गळ त्याची नाहीच. नव्या गाडीवर लाल ‘एल’ लावायचा नाही म्हणतेय, शोभा जाते म्हणे.

नेरूळचे नाना

पुढे एक, मागे एक. लावल्याशिवाय किल्ली देऊ नका.