समुद्रमंथनाला ‘मिथक’ म्हणावं का?

कोरांटी:
आरोग्याच्या लेखांत ‘मधुमेहाविषयीची मिथकं’ असं छापतात. तिथे अर्थ उघड आहे: खोटी समजूत. मग तोच शब्द समुद्रमंथनाला लावला की वाचणाऱ्याने वेगळा अर्थ कुठून आणायचा? पुराणकथा हा शब्द आपल्याकडे आहेच. तो कोणाला बोचत नाही.

उंबरठा:
असहमत. पुराणकथा म्हणजे पुराणातली कथा. इंद्राने वृत्राला मारून पाणी मोकळं केलं ही कथा ऋग्वेदातली (१.३२), पुराणांच्या कितीतरी आधीची. खंडोबा-बाणाईची कथा वाघ्या-मुरळी जागरणात गातात. ग्रीक देव झ्यूसच्या कथा तर आणखी दूरच्या. या सगळ्यांबद्दल एकत्र बोलायला मिथक हाच शब्द उपयोगी पडतो. मानवशास्त्रात त्याचा अर्थ ‘खोटं’ असा नाही. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९२६ मध्ये मांडलं की अशी कथा समाजाच्या रीतीभातींची सनद असते. मणी-मल्लाचा वध वगळून चंपाषष्ठी कोणाला समजावता येईल का?

कोरांटी:
बाणाईसाठी दैवतकथा म्हणा, त्यात झ्यूसही बसतो. तुमची व्याख्या अभ्यासवर्गात चालेल. पण ‘रामायण हे मिथक’ असा मथळा वाचणाऱ्या भाविकापर्यंत ती पोचत नाही. त्याला ‘तुझी श्रद्धा खोटी’ एवढंच ऐकू येतं, आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

पाणकणीस:
माणसाला मरण कसं आलं, आग कशी मिळाली, अशा कित्येक कथांत देव नसतोच. तिथे दैवतकथा अपुरी पडते. आणि अर्थावरून मतभेद ही काही आजची गोष्ट नाही. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात त्याचा कर्ता यास्क विचारतो, वृत्र कोण? नैरुक्त, म्हणजे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून अर्थ लावणारे, म्हणतात मेघ. ऐतिहासिक, म्हणजे कथा घडलेली मानणारे, म्हणतात त्वष्ट्याचा मुलगा, असुर. दोन्ही मतं त्याने शेजारी शेजारी नोंदवली. मला हे फार मोलाचं वाटतं. बिघाड आरोग्याच्या लेखात आहे. तिथे सरळ ‘गैरसमज’ लिहायला लावा.

उंबरठा:
शिवाय रामायण-महाभारताला परंपरा ‘इतिहास’ म्हणते, पुराण नव्हे. कोरांटी, तुमचा शब्द तिथेही बसत नाही.

कोरांटी:
मग रामकथा म्हणेन, भारतकथा म्हणेन. प्रत्येक कथेला तिचं नाव आहे. यास्काने दोन्ही पक्षांचं म्हणणं त्यांच्या नावाने दिलं, हेच मी मागतेय. रामकथा मनापासून ऐकणाऱ्या एकाला तरी विचारा, तो तिला स्वतःहून मिथक म्हणतो का.