अनुभव धागा: बाईक, पडके किल्ले आणि शेवटी भूमध्य समुद्र

लोकहो, मागच्या सप्टेंबरात दक्षिण फ्रान्समध्ये चार दिवस बाईकवर हिंडून आलो, तेव्हापासून मनात होतं की असं अजून कोणी कोणी केलंय ते एका ठिकाणी जमवू. अट एकच, वाटेत मध्ययुगातला पडका किल्ला हवा आणि शेवट भूमध्य समुद्रावर. देश कुठलाही चालेल. नारळ मीच फोडतो.

भाची तुलूजला शिकते म्हणून बाईक तिथूनच भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी कार्कासोन. ५२ बुरुज, दुहेरी तटबंदी, सगळं भारी, पण १९व्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने डागडुजी करून इतकं चकाचक केलंय की आपल्यासारख्या पडझड बघायची सवय असलेल्याचं मनच लागेना. दुसऱ्या दिवशी कियाँहून डी११७ धरला, सँ-पोलला डावीकडे वळून गालामुसच्या घळीत शिरलो आणि मग बोलायचंच बंद झालो. कड्यात कोरलेला एका गाडीपुरता रस्ता, डोक्यावर खडक बाहेर आलेला, समोरून कार आली की कोणीतरी रिव्हर्स घ्यायचं. तिथून पुढे पेरपेर्त्यूझ. लांबून किल्ला दिसतच नाही, डोंगराची धारच वाटते, जवळ गेल्यावर कळतं की अरे ही तटबंदी आहे. साधारण ८०० मीटरवर. रायडिंग जॅकेट आणि बूट घालून चढलो, हा शुद्ध गाढवपणा. वरच्या बालेकिल्ल्याला कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, धरायला साखळी, आणि वारा असा की दोन वेळा चक्क खाली बसलो. फोनवर बाबांचा पहिला प्रश्न, "पाण्याचं टाकं आहे का वर?" आहे म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी त्याला गड मानलं.

समोरच्या डोंगरावर केरिब्यूस, सुळक्यावर दात उगवावा तसा. तिथल्या पार्किंगमध्ये बाईक वाऱ्याने साइड स्टँडवर डुलत होती म्हणून गिअरमध्ये टाकून भिंतीला लावली. या वाऱ्याला त्रामोंतान म्हणतात, वायव्येकडून येतो. वरून पूर्वेला एक चकाकती पट्टी दिसली, तोच समुद्र. बास, पैसे वसूल.

---

वरचं मस्त, फक्त एक भर घालतो (सवय, सॉरी). तिथे पाटीवर सगळीकडे 'कॅथारांचे किल्ले' लिहिलेलं असतं (कॅथार म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिश्चन पंथ), पण आज उभं आहे ते बरंचसं त्यांना हरवणाऱ्यांचं बांधकाम. पोपने १२०९ साली या ख्रिश्चनांवरच क्रूसेड, म्हणजे धर्मयुद्ध, काढलं, पंथ बुडवला, केरिब्यूस १२५५ मध्ये पडला, आणि १२५८ च्या तहाने सीमा इथेच ठरल्यावर फ्रेंच राजाने पलीकडच्या आरागॉन राज्यावर नजर ठेवायला हे गड नव्याने बांधून घेतले. १६५९ ला सीमाच पिरेनीजवर सरकली आणि गडांची नोकरी गेली. मी मोंसेग्यूरच्या गडावर गेलो होतो, १२४४ मध्ये दोनशेवर कॅथार जिवंत जाळले ती जागा. खाली कुरणात एक छोटा स्मारकाचा दगड आहे. इंजिन बंद करून बराच वेळ उभा होतो, फोटो काढावासाच वाटला नाही.

---

मी मागे बसणारी, म्हणून माझं थोडं वेगळं. नवऱ्याला किल्ले, मला समुद्र, असा करार होता. रविवार, दुपारचं ऊन, गावातली दुकानं बंद, पेट्रोल पंपावर माणूस नाही, मशीन आमचं कार्ड घेईना आणि काटा लालवर. शेवटी एका आजोबांनी स्वतःच्या कार्डावर भरून दिलं, आम्ही रोख दिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच, तरी दहा मिनिटं गप्पा झाल्या, कशाबद्दल ते देव जाणे.

समुद्रकाठच्या कोलियूर गावात पोचलो तेव्हा पाणीच दिसत होतं नुसतं. पाण्यातच उभं असल्यासारखं चर्च, शेजारी राजाचा किल्ला, हा मात्र पडका नाही. मातीस आणि देरँ हे चित्रकार १९०५ च्या उन्हाळ्यात इथे रंगवत बसले होते. खारवलेली अँचोवी खाल्ली, आईच्या सुक्या मांदेलीपुढे काही नाही पण ब्रेडसोबत बरी लागते. आंतोनियो माचादो हा स्पॅनिश कवी १९३९ मध्ये यादवीतून पळून सीमा ओलांडून इथे आला आणि महिन्याभरात गेला, त्याच्या कबरीपाशी लोक अजून चिठ्ठ्या ठेवतात. नवरा म्हणाला चल उशीर होतोय, म्हटलं करार आठव.

---

फ्रान्स नाही, तुर्की चालेल ना? अलान्याहून अनामूर, डी४०० रस्ता. अलान्यात सेल्जुक तुर्क सुलतानांचा लाल बुरुज, १२२६ चा. गाझीपाशाच्या पुढे जुना रस्ता मिळेल तिथे बोगदे सोडून तोच घ्या, वळणं मोजायची नाहीत, उजव्या हाताला सरळ खाली समुद्र. आणि अनामूर जवळ आलं तसं मी हेल्मेटातच हसायला लागलो, सगळीकडे केळी! मी जळगावचा ना भौ. मामुरे किल्ला तर रस्त्याला लागूनच, लाटा तटाला आपटतात. किल्ल्यापेक्षा केळीवाल्याशी जास्त बोललो, आखूड असतात पण गोड, हे मान्य करावं लागलं.

---

कामाचं तेवढं लिहितो. फ्रान्समध्ये ग्लोव्हज सक्तीचे आहेत, २०१६ पासून, मागच्यालाही, आणि सीई (युरोपीय सुरक्षा मानकाचा) शिक्का असलेलेच. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून नेलंत तर त्यात मोटरसायकलचा उल्लेख आहे का ते काउंटरवरच बघा, माझ्या मित्राचा नव्हता, तो चार दिवस माझ्या मागे बसून फिरला. गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि पुढे जाणारा बाईकवाला पाय बाहेर काढून हलवतो तेव्हा लाथ मारत नसतो, थँक्यू म्हणत असतो. मी पहिले दोन दिवस उलट शिव्या घालत होतो.