युनियनची वर्गणी पगारातून कापावी की पावती फाडून घ्यावी?

फौंड्रीपट्टा
कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) युनियन शाखेची बैठक लागली की हा विषय निघतोच: वर्गणी कंपनीनं पगारातून कापावी आणि युनियनच्या खात्यावर भरावी. माझा याला विरोध आहे.

पावती म्हणजे महिन्यातून एकदा सभासदासमोर उभं राहायचं हक्काचं निमित्त. कपात सुरू झाली की कमिटी मेंबर फेटलिंगकडं (ओतीव माल घासून साफ करायच्या खात्याकडं) फिरकत नाही, आणि सभासदाला युनियन म्हणजे पगारपत्रकात पीएफखालची एक ओळ वाटते.

पद्धत अशी ठेवा. वीस-पंचवीस जणांमागं एक पावतीवाला, त्याच खात्यातला, त्याच पाळीतला. पगार सात तारखेला, वसुली आठ ते दहा. पैसे मागायच्या आधी विचारायचं, ओव्हरटाइम बरोबर लागला का, हातमोजे मिळाले का. उत्तर स्थळप्रतीच्या (पुस्तकात राहणाऱ्या पावतीच्या अर्ध्या भागाच्या) पाठीवर दोन शब्दांत लिहायचं. पुढच्या महिन्यात तीच स्थळप्रत उलटून आधी त्या कामाचं काय झालं ते सांगायचं, मग नवी पावती. काम झालं नसेल तरी सांगायचं. लोक सोडून जातात ते काम न झाल्यानं कमी आणि पुढं काय झालं ते कोणी न सांगितल्यानं जास्त.

खतावणी
ऐकायला झकास. पण ज्या फौंड्रीत मेल्टिंग, म्हणजे धातू वितळवायचं काम, रात्री चालतं, तिथं फर्नेसवाल्यांकडं (भट्टीवरच्यांकडं) पावती पुस्तक घेऊन कोण जातंय? भात लावणीला गावाकडं गेलेल्याची जून-जुलैची पावती कोण फाडतंय?

युनियनच्या मान्यतेबद्दलच्या 1971 च्या महाराष्ट्र कायद्यातली सभासदाची व्याख्या बघा. मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असेल तर तो सभासद धरलाच जात नाही. युनियनला मान्यता मिळायला 30 टक्के कामगार सभासद लागतात. 240 कामगारांत ते 72 होतात. तुमचे 80 आहेत आणि फर्नेसचे दहा जण चार महिने थकले, तर राहिले 70. केंद्राच्या औद्योगिक संबंध संहिता 2020 मध्ये तर एकापेक्षा जास्त युनियन असतील तिथं एकटीनं वाटाघाटी करायला हजेरीपटावरच्या 51 टक्क्यांचा पाठिंबा लागतो. कपात झाली की थकबाकीच राहत नाही. कामगाराची लेखी संमती घेतली की झालं.

फौंड्रीपट्टा
खतावणीसाहेब, मग नळ कंपनीच्या हातात गेला की! करार फिसकटला, कपात दोन महिने 'तांत्रिक कारणानं' थांबली, की खातं कोरडं. शिवाय कोण सभासद आणि कोणी नाव काढलं, हे तुमच्या आधी एचआरला कळतं.

फर्नेसचा मुद्दा मात्र मान्य. तिथला पावतीवाला फर्नेसवरचाच हवा, सकाळच्या पाळीतला चालत नाही. आणि 15 तारखेला पाळीनिहाय थकबाकीची यादी काढायचीच. दुसऱ्या महिन्याला माणूस गाठायचा, तिसऱ्याची वाट बघायची नाही.

कोअरशॉप
दोघंही जुन्या सभासदांवर भांडताय. गळती सुरू होते ती पहिल्या महिन्यात. नवीन माणसाकडून फॉर्म भरून घेतात, आणि दिवाळीच्या बोनसपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. बोनस झाला की तो गेला. मग म्हणायचं, पोरांना युनियनचं महत्त्व नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात एक कागद द्या, पाठपोट एकच. त्यावर चालू करारातली त्याला लागू असलेली कलमं, त्याच्या पाळीच्या प्रतिनिधीचं नाव आणि फोन, अपघात झाला तर पहिल्या तासात काय करायचं (नोंदवहीत नोंद, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा क्रमांक), आणि वर्गणीचे पैसे कुठं जातात. युनियनच्या घटना नियमांची चाळीस पानी पुस्तिका कोणी वाचत नाही. बिहार-ओडिशाच्या कामगारांसाठी तोच कागद हिंदीत हवा. एवढ्या साध्या गोष्टीवाचून निम्मं मोल्डिंग खातं बाहेर राहतं. तीस दिवसांनी प्रतिनिधीनं पुन्हा भेटायचं. व्हॉट्सॲप ग्रुपात जोडलं म्हणजे स्वागत झालं असं नाही. तिथं गुड मॉर्निंगच्या ढिगात सभेची नोटीस गाडली जाते.

खतावणी
कागद पटला. त्यात एक ओळ वाढवा: हिशेबाच्या वह्या सभासदाला बघता येतात. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यापासून हा हक्क आहे, आणि राजकीय कामाचा निधी वर्गणीपासून वेगळा आणि ऐच्छिक ठेवायचं बंधनही त्याच कायद्यापासूनचं. संमतीपत्रात दोन्ही रकमा एकत्र लिहिल्या की पहिला संशय तिथंच येतो.

पण पावती पुस्तकाचं काय? कोरं पुस्तक देताना पानं मोजून सही घेतलेली किती शाखांत दिसते? एक पुस्तक हरवलं की पन्नास माणसांचा हिशेब तोंडी.

फौंड्रीपट्टा
भावा, हरवतं ते पुस्तक गड्याच्या डब्याच्या पिशवीत असतं म्हणून. दहा तारखेला रात्री स्थळप्रती खजिनदाराकडं जमा, नाहीतर पुढचं पुस्तक नाही.

कोअरशॉप
आता तर अर्धे यूपीआयनं देतात. खात्यात नाव येतं बायकोचं नाहीतर भावाचं, आणि पावती फाडायची राहते. पैसे भरूनही माणूस थकबाकीत. यावर कपातवाल्यांचं आणि पावतीवाल्यांचं, दोघांचंही उत्तर अजून आलेलं नाही.