अपडेटनंतर रोज तीच एरर: फॉर्मॅट मारायचा की कारण शोधायचं?

अमळनेरचे नाना
चोपड्याकडच्या एका सेवा केंद्राचा कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला. पासवर्ड टाकून डेस्कटॉप दिसला की मधोमध एक चौकट उघडायची: अमुक फाइल सुरू करता आली नाही, मॉड्युल सापडलं नाही. ओके दाबलं की जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी दोन महिन्यांत दोनदा फॉर्मॅट मारून घेतला होता. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फॉर्मॅट मारून द्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं.

त्या चौकटीत फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता आणि तो कोणी वाचलाच नव्हता. पत्ता स्कॅनरच्या प्रोग्रामच्या फोल्डरचा. तिथे जाऊन पाहिलं, तर फाइल नाही. प्रोग्राम आपोआप अपडेट झाला, नव्या आवृत्तीने आपला संसार दुसऱ्या फोल्डरात मांडला, जुनी फाइल काढून टाकली. पण 'लॉगिन झालं की ही फाइल चालव' अशी टास्क शेड्युलरमधली नोंद तशीच राहिली. घर बदललं आणि दूधवाल्याला सांगितलंच नाही, तर तो रोज जुन्याच दाराची कडी वाजवणार ना! फॉर्मॅटनंतर तोच प्रोग्राम त्याच पेनड्राइव्हवरून टाकला जायचा, काही दिवसांनी अपडेट व्हायचा, की दूधवाला पुन्हा दारात.

मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' फुकट मिळतं. सुरू होताना काय काय चालतं ते सगळं त्यात दिसतं, आणि जिची फाइल जागेवर नाही ती ओळ पिवळी असते. त्या ओळीची टिक काढली, डिलीट केली नाही. रिस्टार्ट केलं. चौकट गेली. पंधरा मिनिटं लागली.

ऊठसूट फॉर्मॅटची सवय लोकांना आपणच दुकानदारांनी लावली आहे. ती आपणच मोडली पाहिजे.

भुसावळ हार्डवेअर
नाना, तुमचा मान राखून सांगतो, हे पटलं नाही. तुमच्या एररमध्ये पत्ता होता म्हणून पंधरा मिनिटांत जमलं. माझ्याकडे मे महिन्यात, पारा 45 वर असताना सीपीयू येतात. उघडले की जिनिंगशेजारच्या दुकानांतला कापूस पंख्याला गुंडाळलेला असतो. रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा, परत बसवायची, आणि बऱ्याचदा मशीन तेवढ्यावर चालू होतं. दुसरा प्रकार लाइटीचा. अपडेट चालू आहे, लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी आधीच मेलेली. फायली अर्धवट पडतात. तिथे कारण शोधत बसलो तर गिऱ्हाइकाचा दिवस जातो. फॉर्मॅट दोन तासांचं काम, संध्याकाळी माणूस मशीन घेऊन घरी.

अमळनेरचे नाना
भाऊ, रॅम खराब असेल तर आज एक एरर, उद्या दुसरीच. रोज त्याच फाइलचं नाव येत असेल तर तो रॅमचा दोष नाही, खोडरबर बाजूला ठेवा. लाइटीचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण तिथेही आधी डिझम आणि मग एसएफसी स्कॅन, या विंडोजच्याच दोन कमांड चालवून बघा, सिस्टिमच्या तुटलेल्या फायली त्यात बदलल्या जातात. लॉगिनच्या आधीच निळा पडदा येत असेल तर रिकव्हरीत, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे. एवढं करूनही उठलं नाही तर फॉर्मॅट मारा, माझी हरकत नाही.

पारोळा
नाना, हाई तं मनाच कॉम्प्युटरनं दुखनं शे! सापडत नाही म्हणते ती डीएलएल फाइल नेटवरून उतरवून त्या फोल्डरात टाकली तर?

अमळनेरचे नाना
अजिबात नको. असल्या साइटवरच्या फाइलसोबत काय येईल याचा भरवसा नाही. ज्याची फाइल आहे तो प्रोग्रामच काढा आणि मूळ ठिकाणाहून पुन्हा टाका.

रावेर केंद्रचालक
तुम्ही दोघं दुकानात बसून बोलता आहात. केळीच्या फळपीक विम्याची मुदत संपत आलेली असते, दारात सातबारा घेऊन शेतकरी उभे असतात, त्यात सत्तरीचे म्हातारे आजोबा असतात, आणि अंगठा घ्यायचं मशीन अपडेटनंतर ओळखतच नाही. त्या वेळी मी पिवळी ओळ शोधत बसू? मी अपडेट कायमचं बंद ठेवलं आहे. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रोग्रामवाल्या कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बसले, विमानं उभी राहिली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर माझ्या टपरीचं काय?

शहाद्याच्या बाई
दादा, तुमची घाई समजते, पण अपडेट बंद ठेवण्याचा धोकाही ऐका. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने मे 2017 मध्ये लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं, तेच अडकले. तुमच्याकडे तर लोकांचे आधार, बँकेचे कागद असतात.

आणि फॉर्मॅटबद्दल. आमच्या शाळेचा कॉम्प्युटर अशाच एका रोजच्या एररसाठी दुरुस्तीला दिला. न विचारता फॉर्मॅट झाला. डेस्कटॉपवरचं सगळं सी ड्राइव्हवर असतं आणि फॉर्मॅटमध्ये तोच पुसला जातो, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. काही पेनड्राइव्हवर होत्या, त्या उघडल्या तर जुना मराठी फॉन्टही गेलेला, मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी रडले होते. दुरुस्तीवाल्या भावांनी एवढं तरी विचारावं, 'ताई, यात काय आहे?'

भुसावळ हार्डवेअर
ताई, न विचारता फॉर्मॅट मारणं चूकच. मी आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतो. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असतो, त्याची 48 आकड्यांची किल्ली गिऱ्हाइकाला माहीत नसते. ती मिळाल्याशिवाय मी हात लावत नाही. पण फॉर्मॅटच वाईट, हे मला मान्य नाही.

अमळनेरचे नाना
रावेरवाले भाऊ, क्राउडस्ट्राइकचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. तो घोळ विंडोजच्या अपडेटचा नव्हता, सुरक्षेच्या प्रोग्रामने आणलेल्या एका फाइलचा होता. उपायही काय होता? सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू करून, तीच फाइल काढणं. 85 लाख कॉम्प्युटर कोणी फॉर्मॅट करत बसलं नाही.

तुमच्या मुदतीच्या दिवसांसाठी अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, सेटिंगमध्येच आहे. मुदत संपली की चालू करा. आणि रात्री शटडाऊन करून सकाळी लावलं म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं असं समजू नका. विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शटडाऊन अर्धवटच होतं, पूर्ण सुरुवात रिस्टार्टनेच होते. अंगठ्याचं मशीन दिसत नसेल तर आधी रिस्टार्ट.

रावेर केंद्रचालक
पाच आठवड्यांचं माहीत नव्हतं. आज रात्री लावतो. रिस्टार्टचंही उद्या करून बघतो, केंद्र साडेनऊला उघडतं, मी नऊला जाईन. पण साडेनऊपर्यंत अंगठा घेतला नाही तर नाना, मी भुसावळला फोन करणार.

भुसावळ हार्डवेअर
करा. डेटा ठेवायला रिकामी डिस्क सोबत आणा.